तीन बोटांचा हातमोजा

रत्नागिरीहून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं, की पालीची बाजारपेठ यायच्या थोडं आधी डाव्या हाताला चिऱ्याच्या भिंतींचं एक ठेंगणं दुकान लागतं. त्याला पाटी आहे, पण ती वाचायची वेळ सहसा येत नाही, कारण चामड्याचा आणि मेणाचा वास माणसाला आधी गाठतो. मोटारसायकल थांबते, हेल्मेट काढत एखादा दणकट गडी आत येतो, मशीनवर बसलेल्या बाईकडे बघतो, मग तिच्या पाठीमागे बघतो आणि विचारतो, "कारागीर कुठे आहेत?"

"जेवायला गेलेत," बाई सांगते. "बसा. तोवर मी माप घेते."

मग तीच माप घेते, तीच कापते, तीच शिवते. आठ दिवसांनी तो गडी परत येतो, नवे हातमोजे चढवतो, मूठ चार वेळा उघडून मिटून बघतो आणि त्याच्या तोंडातून "वा!" निघून जातं. तेव्हा कुठे ती म्हणते, "आले हो कारागीर जेवून." आजवर दीडशे तरी पुरुषांचे चेहरे तिने असे पडलेले पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी तिला तितकीच मजा येते.

या बाईचं नाव ज्ञानेश्वरी. वय सेहेचाळीस. तिचे वडील, आप्पा, पालीच्या एस.टी. स्टँडबाहेर बसून चपला शिवायचे. सतराव्या वर्षी ती मुंबईला काकांकडे गेली आणि धारावीतल्या एका कारखान्यात तिने अकरा वर्षं जाकिटं शिवली. ती जाकिटं परदेशात जायची. ती कोण घालतं, घालून कुठे जातं, हे तिला कधीच कळलं नाही. एकदा तिने मास्तरला विचारलं, की माणूस गाडीवर वाकून बसला तर हे काखेत ओढणार नाही का? मास्तर म्हणाला, तू आपली शिवण सरळ मार. तिने शिवण सरळ मारली, पण प्रश्न काही सोडला नाही. आप्पा आजारी पडले म्हणून ती पालीला परत आली, तेव्हा तो प्रश्न बरोबर घेऊनच आली. त्यालाही आता अठरा वर्षं झाली.

उत्तर म्हणून तिने एक घोडा बनवला. दुकानाच्या ओसरीवर तो आजही उभा आहे. एका जाड सागवानी ओंडक्याच्या पुढच्या टोकाला भंगारातल्या राजदूत मोटारसायकलचं हँडल, मागच्या टोकाला सायकलचं हँडल, आणि मध्ये सीट. ज्याला हातमोजा किंवा जाकीट हवं, त्याने या घोड्यावर बसायचं आणि आपल्या गाडीवर बसतो तशी मूठ वळायची. पंजा कागदावर सपाट ठेवून माप घ्यायला तिची सक्त ना. "हात असा पसरून गाडी चालवता काय?" असं ती तोंडावर विचारते. मोठमोठी माणसं लहान पोरासारखी त्या लाकडी घोड्यावर बसतात. रत्नागिरीचा एक दातांचा डॉक्टर रोज पहाटे सायकल मारतो. त्याची बोटं बधिर व्हायची. तो मागच्या टोकाला अर्धा तास वाकून बसला होता, आणि ज्ञानेश्वरी त्याच्या तळव्यावर नेमका भार कुठे येतो ते खडूने आखत होती. आता डॉक्टरची बोटं ठणठणीत आहेत आणि त्याचे सगळे पेशंट तिच्याकडूनच पाकिटं नेतात.

तिचं काम हातात घेतलं की कळतं. हातमोज्याला शेळीचं चामडं, तेही पाठीकडचं. तळव्यावर एकही शिवण नाही, सगळ्या शिवणी बोटांच्या कडेला वळवलेल्या. अंगठ्याने दाबलं तर बारीक सुरकुत्या पडतात आणि अंगठा काढला की पुसल्या जातात. नुसत्या रंगाच्या थराखाली झाकलेलं भुसभुशीत चामडं तिच्या दुकानाची पायरी चढत नाही. इथली माणसं थंडीत फुटलेल्या टाचांना कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मुठेल, लावतात, तेच ती मेणात वितळवून चामड्याला चोळते, म्हणून समुद्राच्या खाऱ्या हवेतही तिची जाकिटं वर्षानुवर्षं मऊ राहतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या जाकिटाला बुरशी आली म्हणून कुणी तक्रार घेऊन आला, तर त्याची काही खैर नसते. "जाकीट हाय ते," ती म्हणते, "सुकी मासळी नव्हे."

दिवाळीनंतर घाटावरच्या गाड्या उतरू लागल्या, की रविवारी ती ओसरीवर चहा घेऊन उभी राहते. या गाडीवाल्यांची एक रीत आहे. समोरून दुसरा मोटारसायकलवाला आला, ओळखीचा असो की नसो, की डावा हात हँडलवरून काढून त्याला सलाम करायचा. उजवा हात गाडीला वेग देण्यात गुंतलेला, म्हणून डावा. तिच्या ओसरीवरून दिवसभर असे डावे हात वर होताना दिसतात. त्यातले आपले कुठले, ते ती लांबून ओळखते. जगात कुणाचाही हेवा वाटू नये असं सुख तिला तेव्हा वाटतं, आणि ते ती लपवतही नाही.

तर गेल्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी धोंडूबाई दुकानात आली. धोंडूबाई रत्नागिरीच्या मांडवीची. गेली तीस वर्षं पहाटेच्या एस.टी.ने माशाच्या पाट्या घेऊन ती पालीच्या बाजारात येऊन बसते. आप्पा आजारी होते तेव्हा त्यांना सौंदाळे माशांचं पातळ कालवण तेवढं चालायचं, आणि धोंडूबाईने सहा महिन्यांत एकदाही सौंदाळे चुकवले नव्हते. ज्ञानेश्वरी हे विसरणारी नव्हे.

धोंडूबाई आज कधी नव्हे ती गप्प होती. गुडघे धरून स्टुलावर बसली आणि मग म्हणाली, "बाय, माज्या दीपेशच्या डाव्या हाताला एक मोजा शिवून दे. पण पाच बोटांचा दिसला पायजे."

दीपेश तिचा मुलगा, एकतिशीचा. मोठ्या होडीवर खलाशी होता. गेल्या वर्षी दोर ओढायच्या यंत्रात डावा हात गेला आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलं. होडीवर आता त्याला कुणी घेईना. धोंडूबाईचे गुडघेही पाट्या चढवू देईनात. तेव्हा माय-लेकरांनी ठरवलं होतं, की दीपेशने त्याच्या मोटारसायकलवर बर्फातले मासे घालायचे, धोंडूबाईला पालीत एक पेटी द्यायची आणि पुढे नाणीज, साखरप्यापर्यंत गावं घ्यायची. ठरलं खरं, पण दीपेश गाडीला हात लावीना.

"हात खिशातनं भायेरच काढीत नाय गो," धोंडूबाई म्हणाली. "देवळात पण एका हातानं नमस्कार करतो. आता गाडी विकतंय बोलतो. लांज्याचा माणूस बुधवारी येतोय बघायला. गाडी गेली की पोरगा घरात बसला आणि बाजारात माज्या जागेवर दुसरी बसली. सगळं संपलं मंग."

"त्याला घेऊन ये, मावशी. घोड्यावर बसवतंय."

"तो यायचा नाय. हा त्याचा जुना मोजा घे मापाला. आणि हे बोयेपण आणलंय." तिने पदराच्या गाठीतून जुन्या जाळ्याचे दोन बोये काढले. जाळं तरंगत राहावं म्हणून पूर्वी लावायचे ते हलक्या लाकडाचे तुकडे. "ह्यांची बोटं करून आत घाल. कुणाला कळता नये."

ज्ञानेश्वरीला तिथेच नाही म्हणायला हवं होतं. घोड्यावर बसल्याशिवाय माप नाही, हा तिचा स्वतःचा नियम. तो तिने आमदाराच्या भाच्यालाही मोडू दिला नव्हता. पण समोर धोंडूबाई होती, आणि तिच्या मागे सहा महिन्यांचे सौंदाळे होते. तिने मोजा घेतला, बोयेही घेतले.

आणि काम असं केलं, की काय सांगावं! लाकडाची बोटं तासून किंचित वाकडी केली, सांध्यांना बारीक खाचा दिल्या, वर चामडं इतकं बेमालूम चढवलं, की जोडीचा उजवाही शिवून दोन्ही हातमोजे शेजारी ठेवल्यावर तिचं तिलाच कळेना खोटी बोटं कुठली. शनिवारी धोंडूबाई ते घेऊन गेली तेव्हा ज्ञानेश्वरी स्वतःवर खूश होती.

रविवारी सकाळी दीपेश आला. गाडी त्याचा चुलत भाऊ रामा चालवत होता आणि दीपेश मागे बसला होता. मांडवीत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नको, इथे अंगणात चालवून बघतो, असं तो खाली बघत म्हणाला. हातमोजे घातल्यामुळे आज दोन्ही हात बाहेर होते. रामा उतरला, दीपेश पुढे सरकला, त्याने गाडी चालू केली आणि पहिल्या गिअरमध्ये अंगणातून सावकाश फिरवली. ज्ञानेश्वरीने समाधानाने हाताची घडी घातली.

वळण घेऊन थांबायच्या वेळी घोटाळा झाला. दीपेशने क्लच दाबला, पण ती दोन लाकडी बोटं क्लचची दांडी आणि हँडलची मूठ यांच्या मध्ये पाचरीसारखी बसली. खरी बोटं असती तर हलली असती. ही कशाला हलतात! क्लच अर्ध्यावर अडला, गाडी थांबायच्या ऐवजी उसळली आणि कुंपणासाठी रचलेल्या चिऱ्यांवर जाऊन धडकली. दीपेशला काही लागलं नाही. पुढचा मडगार्ड तेवढा चेपला.

त्याने गाडी उभी केली. डावा मोजा काढून सीटवर ठेवला आणि हात खिशात घातला.

"मोजा झकास हाय, ताई," तो म्हणाला. "हातच कामाचा नाय."

ज्ञानेश्वरीच्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्यावर नव्हे, स्वतःवर. धारावीच्या मास्तरला जी अक्कल ती इतकी वर्षं मनातल्या मनात शिकवत होती, ती स्वतःच गहाण टाकून बसली होती. तिने बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी मोजा शिवला होता, गाडी चालवणाऱ्या हातासाठी नव्हे. ती आत गेली, मोठी कातर घेऊन आली आणि दीपेशच्या समोर त्या मोज्याची दोन बोटं मुळापासून कापून टाकली. बोये टकटक करत ओसरीच्या पायरीवरून खाली गेले.

"हात कामाचा हाय," ती म्हणाली. "मोजा टाकाऊ होता. तुला न बघता शिवला, चूक माजी. आता घोड्यावर बस."

दीपेश जागचा हलला नाही. रामा आंब्याच्या शेंड्याकडे बघत राहिला. नेमक्या त्याच वेळी घाटाकडून चार गाड्या येऊन दुकानासमोर थांबल्या. त्यातल्या पहिलीवर होती निशिगंधा, कोल्हापूरची, तालमीतल्या पैलवानासारखी खांद्याने रुंद मुलगी. तिला जाकिटाचं माप द्यायचं होतं. माणसं बघून दीपेश निघायला वळला.

"निशिगंधा, थांब जरा," ज्ञानेश्वरी मोठ्याने म्हणाली. "आधी याचा नंबर हाय."

आता पाच-सहा जण त्याच्याकडे बघत होते. निघून जाणं हे बसण्यापेक्षा अवघड झालं होतं, आणि ज्ञानेश्वरीला हे पक्कं ठाऊक होतं. दीपेश घोड्यावर बसला. मग त्याने खिशातून हात काढला आणि हँडलवर ठेवला.

ज्ञानेश्वरीने पाण्यात भिजवलेला शेळीच्या चामड्याचा तुकडा त्याच्या तळव्यात दिला. ओल्या चामड्यावर जशी मूठ वळावी तसा त्याला आकार येतो आणि वाळल्यावर तो तसाच राहतो. "घट्ट धर," ती म्हणाली. "दांडी ओढ, सोड, ओढ, सोड. घाटात असतोस तसा. मी सांगेपर्यंत उठायचं नाय."

निशिगंधा जवळ येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या हाताकडे सरळ बघितलं. दीपेशचे कान तापले.

"दोन बोटांनी क्लच मारता न्हवं?" तिने विचारलं. "मी पण दोनच बोटांनी मारते. ही दोन." तिने पहिली दोन बोटं नाचवून दाखवली. "बाकीची दोन नुसती मूठ धरून बसतात, फुकटचं खातात."

दीपेश तिच्याकडे बघत राहिला आणि एकदम हसला. वर्षभरात कुणी त्याच्या हाताकडे बघून क्लचविषयी बोललं नव्हतं. लोक चुकचुकायचे, नाहीतर तोंड फिरवायचे. मग गाडी जुनी आहे का, दांडी जड जाते का, केबलला तेल कधी दिलं होतं, असं त्या दोघांचं जे सुरू झालं ते चामडं अर्धं वाळेपर्यंत संपलं नाही. रामाही मध्ये तोंड घालू लागला. ज्ञानेश्वरी खडू घेऊन घोड्याशेजारी बसली होती. त्या गेलेल्या दोन बोटांचं काम दांडी ओढायचं नाहीच, मूठ बाहेर सरकू न देण्याचं आहे, हे तिला आता डोळ्यांसमोर दिसत होतं. तेवढं काम चामड्याने केलं, की झालं.

सोमवारी आणि मंगळवारी तिने दुसरं काही हातात घेतलं नाही. नव्या मोज्याला तीनच बोटं ठेवली. उरलेल्या जागी मऊ चामड्याचे थर एकावर एक बसवून गादी केली, मुठीच्या कडेला अचूक भरेल अशी. गाडीचे हादरे त्या गादीत जिरावेत आणि जखमेच्या कोवळ्या जागेला शिवण लागू नये, म्हणून तिथलं चामडं अखंड घेतलं. मनगटाला पट्टा असा लावला, की तो दातांनीसुद्धा आवळता यावा. काम संपलं तेव्हा तिने तो मोजा खिडकीच्या उजेडात फिरवून बघितला. इतकं चांगलं आपण आजवर शिवलेलं नाही, हे तिने स्वतःला स्पष्ट सांगितलं.

मंगळवारी दुपारी बाजार आटोपून धोंडूबाई आली आणि मोजा बघून तिचा चेहरा उतरला.

"ह्याला तीनच बोटं?"

"त्याला पण तीनच हायत, मावशी."

"लोकं बघतील गो!"

"बघू देत," ज्ञानेश्वरी म्हणाली. पण धोंडूबाई काही पटल्यासारखी दिसली नाही.

संध्याकाळच्या आधी दीपेश रामाच्या मागे बसून आला. मोजा चढवला, पट्टा दातांनी आवळला आणि एकटाच गाडी घेऊन नाणीजच्या दिशेने गेला. अर्ध्या तासाने परत आला. मोजा तसाच हातात ठेवून म्हणाला, "चालवता येते, ताई. पण रोज बाजारात हा हात घेऊन उभं राहायचं..." आणि वाक्य तिथेच सोडून त्याने रामाला मागे बसायला सांगितलं. गाडी रत्नागिरीकडे गेली. ज्ञानेश्वरी रस्त्याकडे बघत राहिली. गादी, पट्टा, शिवण यांतलं जे तिच्या हातात होतं ते तिने केलं होतं. पुढचं काही तिला शिवता येण्यासारखं नव्हतं, आणि त्याचा तिला मनापासून राग आला.

बुधवारी सकाळी तिने दुकान नेहमीपेक्षा लवकर उघडलं. थोड्या वेळाने एस.टी. थांबली आणि धोंडूबाई उतरली. डोक्यावर पाटी नव्हती, हातात काही नव्हतं. पाटीशिवाय धोंडूबाईला ज्ञानेश्वरीने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

"लांज्याचा माणूस आला काय?" तिने विचारलं.

"मना ठाऊक नाय. पोरगा पहाटे उठून गाडी घेऊन गेला. बोलला, आये, आज पाटी घेऊ नको, तू नुसती पुढं जा." धोंडूबाई ओसरीच्या पायरीवर बसली. "बाजारात जायला पाय होईना. मासं आलं नाय तर रिकामी बसू काय तिथं?"

ज्ञानेश्वरीने चहा केला. दोघी पायरीवर बसून राहिल्या. दोन ट्रक गेले, शाळेची रिक्षा गेली. चहा थंड झाला.

मग रत्नागिरीकडून तो आवाज आला. धोंडूबाईने तो आधी ओळखला आणि गुडघ्यांवर हात देऊन ती उभी राहिली. वळणावर चेपलेला मडगार्ड दिसला, मग दीपेश, आणि त्याच्या मागे एकावर एक बांधलेल्या माशांच्या दोन पेट्या. पाण्याचे थेंब रस्त्यावर गळत होते.

त्याच वेळी बाजाराकडून तीन गाडीवाले येत होते, घाट उतरून आलेले, कुणी अनोळखी. दीपेशची माशांच्या पेट्यांची गाडी बघूनही पुढच्याने आपल्या रीतीप्रमाणे डावा हात वर केला. मागच्या दोघांनीही केला.

दीपेश क्षणभर तसाच पुढे आला. मग त्याचा डावा हात हँडलवरून निघाला आणि वर गेला, पार खांद्याच्या वर, उन्हात, तीन बोटं ताठ. त्याने तो घाईने खालीही घेतला नाही. अनोळखी गाड्या हॉर्न देत निघून गेल्या. दुकानासमोरून जाताना दीपेशने दोघींकडे बघून मान हलवली, पण थांबला नाही, कारण बर्फ वितळत होता.

धोंडूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"सगळ्यांनी बघितला गो त्याचा हात," ती म्हणाली.

ज्ञानेश्वरीने मनगटाने डोळे टिपले. पण ती ज्ञानेश्वरी होती.

"बघणारच," ती म्हणाली. "शिवलाय कुणी!"

धोंडूबाई रडता रडता हसली. मग तिने पदर कमरेला खोचला आणि बाजाराकडे चालायला लागली, कारण मासे तिच्या आधी जाऊन पोचले होते.